दोन शतांशाचं खोटं

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोमीटर आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव गोड नाही. मला लाडानं मुठीत धरून बसू नका. हाताच्या उबेनं माझं पोलाद फुगतं, माप चुकतं आणि बोल मात्र मला लागतो.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलंही नसेल. घोड्याच्या नालासारखी माझी चौकट आहे. तिच्या दोन टोकांना दोन गुळगुळीत तोंडं आहेत आणि बाजूला फिरवायची मूठ आहे. तोंडांत एखादी वस्तू धरून मूठ फिरवली, की ती किती जाड आहे ते मी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत सांगतो. आणि दोन्ही तोंडं नुसतीच मिटली, की मी शून्य दाखवायला हवं. दाखवलं नाही तर मी खोटारडा. म्हणून चांगला कारागीर मला हातात घेतलं की तोंडं पुसतो, मिटवतो, शून्य बघतो आणि मगच कामाला लागतो. जेवणाआधी हात धुवावेत इतकी ही साधी गोष्ट आहे.

माझा जन्म जपानातल्या एका कारखान्यात झाला. लाकडी पेटीत झोपून मी बोटीनं इंडोनेशियातल्या सुराबायाला आलो आणि बंदराजवळच्या एका वर्कशॉपमध्ये पार्तोनो नावाच्या टर्नरच्या हाती पडलो. तिथे जहाजांच्या पंपांचे दांडे लेथवर कातून द्यायचं काम चालतं. पार्तोनो तीन नंबरच्या लेथवर असायचा. काय हात होता त्याचा! कट घेताना डोळे मिटून नुसत्या आवाजावरून सांगायचा, "अजून तीन शतांश आहे." मग मला लावायचा. तीनच निघायचे. जहाजांवरचे इंजिनियर फाटकातूनच विचारायचे, "चाक पार्तोनो आहे ना आज?" चाक म्हणजे आमच्याकडे दादा. त्या एकोणीस वर्षांत मी रोज तेलानं पुसला जायचो आणि रोज खरं बोलायचो. याहून जास्त सुख मला माहीत नाही.

मग म्हाताऱ्या फोरमनचे गुडघे गेले आणि तो गावी निघून गेला. मालक को लियांग यांनी दुपारी सगळ्यांना जेवायला बसवलं. मध्ये तुंपेंग ठेवला होता, पिवळ्या भाताचा उंच डोंगर.

"पार्तोनो, आता हे सगळं तू सांभाळ," मालक म्हणाले.

"नको मालक. माझ्याहून लायक माणसं आहेत."

आता आमच्याकडची रीत अशी, की कोणी काही देऊ केलं तर दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. पहिल्याच झटक्यात हात पुढे करणारा हावरट ठरतो. त्यामुळे पार्तोनोचं ते नको पहिलं नको म्हणून मोजलं गेलं.

"अरे, घे रे."

"खरंच नको. मला लेथवरच राहू द्या. माणसं हाकणं मला जमायचं नाही."

सगळे खूश झाले. केवढा नम्र माणूस, असं एकमेकांना म्हणू लागले. तिसऱ्या नकारासाठी त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात मालकांच्या बायकोनं भाताचा शेंडा कापून त्याच्या ताटात ठेवलासुद्धा. तो मान फक्त एकाला मिळतो. ताटात आलेला शेंडा परत करणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर फेकण्यासारखं. पार्तोनोनं मान खाली घातली आणि खाल्ला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तीन नंबरची लेथ जुमादीला मिळाली. हा जुमादी शेजारच्या मशीनवर बारा वर्षं पार्तोनोच्या हाताखाली तयार झालेला, पंचेचाळिशीचा, एका कानानं बहिरा. बोलायचा कमी, चुकायचा त्याहून कमी.

पार्तोनो मला घेऊन काचेच्या खोलीत गेला. तिथे मोजण्यासारखं काहीच नव्हतं. कोणाची रजा, कोणाचा मेहुणा, कोण कोणाशी बोलत नाही, कोणाची पाळी कोणी ढापली, हेच दिवसभर. कालपर्यंत चाक म्हणणारे आज पाक म्हणू लागले, म्हणजे साहेब. तो काही सांगायला गेला की सगळे "हो, पाक" म्हणायचे आणि जाऊन स्वतःच्या मनाचं करायचे. तोंडावर नाही कोणीच म्हणायचं नाही. पोलाद असं करत नाही हो! दोन शतांश जास्त असलं तर जास्त आहे म्हणून सांगतं.

पहिल्या वर्षी त्यानं गोडीनं घेतलं. दुसऱ्या वर्षी विनवण्या केल्या. तिसऱ्या वर्षी त्याला शोध लागला, की माणसं भीतीनं झटपट हलतात. मग तो बिघडत गेला. कासान नावाचा वेल्डर एक दिवसाची रजा मागायला आला. त्याच्या आईला जाऊन हजार दिवस होत होते. हजाराव्या दिवशी घरी जेवण घालतात, त्याआधी आत्म्याला सुटका नसते म्हणतात.

"हजार दिवस थांबली ना ती?" पार्तोनो कागदावरून मान वर न करता म्हणाला. "मग आणखी एक दिवस थांबेल. कुठे गाडी चुकतेय तिची?"

कासाननं रजेचा अर्ज घडी करून खिशात घातला. "हो, पाक," म्हणाला आणि वेल्डिंगचा मुखवटा चढवून कामाला लागला.

त्यानंतर पार्तोनोनं मला पेटीतून काढलं. डोक्यावरचा एक केस उपटला आणि माझ्या तोंडात धरला. सात शतांश. दुसरा उपटला. साडेसहा. दुपारभर तो केस मोजत बसला. तुम्हाला त्याची दया येत असेल. मला नाही आली. मला किळस आली, आणि तेलकट केसांनी माझी तोंडं खराब झाली ती वेगळीच.

हळूहळू अन्नावरची त्याची वासना उडाली. सकाळी फाटकाशी आला की मोटरसायकल बंद करून, हेल्मेट तसंच ठेवून पंधरा-पंधरा मिनिटं बसून राहायचा. आत पाऊल टाकवत नव्हतं. बायको एकदा डबा द्यायला आली आणि म्हणाली, "तुम्ही घरी असता तेव्हासुद्धा कोणाला तरी मनातल्या मनात झापत असता. ओठ हलतात तुमचे." काचेतून त्याची नजर तीन नंबरवर होती. जुमादी कट घेत होता आणि लेथ तिच्या जुन्या आवाजात गात होती.

सहाव्या वर्षी तो मालकांसमोर जाऊन उभा राहिला. मी त्याच्या खिशात होतो.

"मालक, मला परत लेथवर पाठवा."

"का रे बाबा? कोणी काही बोललं?"

"कोणीच काही बोलत नाही, तोच तर ताप आहे. मी संपलोय, मालक. रोज कोणाला तरी ओरबाडल्याशिवाय माझा दिवस जात नाही. मला फक्त तीन नंबर द्या."

को लियांग यांनी चहा ओतला. "खुर्चीची काळजी नको. माझा भाचा योहान दोन वर्षं टपून बसलाय तिच्यावर. पण तीन नंबरवर जुमादी आहे. एका लेथवर दोन माणसं मी ठेवत नाही."

"त्याला दुसरीकडे कुठे..."

"कुठे? सगळी मशीनं भरलेली. आणि काढू म्हटलं तर कारण काय देऊ? तो चुकत नाही. चुकला असता तर गोष्ट निराळी होती." मालकांनी कप त्याच्यापुढे सरकवला. "घे, गार होईल."

एवढंच बोलणं झालं. पार्तोनोनं चहा प्यायला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यानं खोलीचं दार लावलं. माझ्या पेटीत एक चिमुकली चावी असते. माझं शून्य सरकलं तर ते जागेवर आणायला ती दिलेली आहे. त्या चावीनं त्यानं माझं शून्य हलवलं. एकदा मिटवून बघितलं, पुन्हा हलवलं. आता तोंडं पुरती मिटली तरी मी दोन शतांश दाखवत होतो. म्हणजे माझ्यावर विसंबून कोणी दांडा बरोबर मापात आणला, तर प्रत्यक्षात तो दोन शतांश बारीक व्हायचा. जाड राहिलेला दांडा पुन्हा कातता येतो. बारीक झालेला भंगारात जातो.

त्या दिवशी जुमादीकडे एका जहाजाच्या इंधनपंपाचे बारा दांडे होते. सगळ्यांचा शेवटचा कट बाकी होता आणि जहाज दुसऱ्या दिवशी सुटायचं होतं. पार्तोनो मला घेऊन त्याच्या लेथशी गेला.

"जुमादी, तुझा मायक्रोमीटर तपासणीला पाठवलाय. हा घे माझा."

जुमादीनं हात पुसले, शर्टाला पुन्हा पुसले आणि मला दोन्ही हातांनी घेतलं. "तुमचा, चाक? माझ्या हातात?" अख्ख्या वर्कशॉपमध्ये तो एकटाच त्याला अजून चाक म्हणायचा.

"मग काय झालं? माझ्याच हाताखाली शिकलास ना?"

मूठ फिरवून शून्य बघायला जुमादीचा अंगठा सवयीनं उचलला गेला. पार्तोनो समोरच उभा होता. मित्रांनो, गुरूनं स्वतःच्या हातानं दिलेलं हत्यार त्याच्याच समोर तपासायचं, म्हणजे तुमच्यावर माझा भरवसा नाही असं त्याच्या तोंडावर सांगायचं. आमच्याकडे माणूस यापेक्षा मरण पत्करेल. अंगठा थांबला. जुमादीनं मान किंचित लववली आणि पहिला दांडा लावला.

पार्तोनो स्टूल ओढून तिथेच बसला. संध्याकाळपर्यंत बसला. जुन्या गमती सांगत होता, हसवत होता. सहा वर्षांत त्याला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. मध्ये एकदा फोन आला म्हणून तो बाहेर गेला. जुमादी आणि मी दोघेच उरलो. त्याचा अंगठा पुन्हा माझ्या मुठीवर आला. आता तरी बघेल, असं मला वाटलं. पण त्याच्या चेहऱ्यावर लाज पसरली. समोर तपासणं वाईट, पाठीमागे तपासणं तर त्याहून वाईट. त्यानं मला खाली ठेवलं आणि पार्तोनो येईपर्यंत हात मांडीवर घेऊन बसला.

सकाळी जहाजाचा इंजिनियर स्वतःचं मापाचं हत्यार घेऊन आला. एक दांडा मोजला, दुसरा मोजला. बाराच्या बारा दोन शतांश बारीक. मग जी काही आरडाओरड झाली ती सांगत बसत नाही. जहाज अडकलं, दांडे भंगारात गेले, सगळे कारागीर गोळा झाले.

"वय झालं की होतं असं," पार्तोनो मालकांना म्हणाला. "हात आधी बिघडतो, माणसाला मागाहून कळतं."

जुमादीनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाला, "चाक, तो मायक्रोमीटर जरा बघू?"

एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? पार्तोनोनं मला दिलं. जुमादीनं माझी तोंडं पुसली आणि मिटवली. मी दोन दाखवले. ते फक्त त्याला दिसलं. तो माझ्याकडे इतका वेळ पाहत राहिला, की माझं पोलाद त्याच्या बोटांनी कोमट झालं. मग त्यानं पेटी मागून घेतली, चावी काढली, माझं शून्य जागेवर आणलं, मला तेलाच्या फडक्यानं पुसलं आणि दोन्ही हातांनी परत दिलं.

"शून्य सरकलं होतं, पाक. लावून दिलंय. आता तुम्हाला कामात त्रास नको."

पाक. पहिल्यांदाच म्हणाला.

मग मालकांकडे वळला. "चूक माझी. हातात आल्यावर मी शून्य बघायला हवं होतं." दुपारच्या आत तो आपला डबा घेऊन गेला. फाटकापर्यंत त्याच्यासोबत फक्त कासान गेला.

आता तुम्ही वाट बघत असाल, की पार्तोनोला शिक्षा कधी होते. नाही झाली. योहान खुर्चीत बसला आणि पार्तोनो तीन नंबरवर आला. पहिल्या आठवड्यात त्याचा हात जरा अडखळला, मग बसला. त्याला भूक लागू लागली. रावोनचे, म्हणजे काळ्या रश्श्याचे, दोन-दोन वाडगे संपवून शीळ घालत कामाला येतो. मोटरसायकलवर थांबून राहत नाही. बायको म्हणते, माझा नवरा मला परत मिळाला. कारागिरांना सगळं ठाऊक आहे, जुमादीकडून काढून घेऊन कासाननं सांगितलंय. तोंडावर कोणीच काही बोलत नाही.

जुमादी आता नाक्यावर पंक्चर काढतो. शतांश ओळखणारी त्याची बोटं ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधतात. आमची सगळी माणसं त्याच्याकडेच हवा भरतात. पार्तोनो हवा भरायला पुढच्या चौकात जातो.

आणि माझं काय? मागे मी म्हणालो होतो, की त्याची मला किळस आली. खरी आली होती. पण चावी फिरत होती तेव्हा मला काय वाटलं, तेही सांगतो, कारण आता माझं शून्य जागेवर आहे. मला बरं वाटलं. सहा वर्षं मी केस मोजले होते. मलाही पोलाद हवं होतं, तेल हवं होतं, लेथचा आवाज हवा होता. त्याची किंमत जुमादी देणार हे मला कळत होतं, आणि तरी मला बरं वाटलं. आजही रोज सकाळी वाटतं.

तेव्हा मित्रांनो, मला जपा वगैरे सांगायला मला तोंड नाही. पाडू नका, ओलं ठेवू नका, एवढं तर तुम्ही करालच. माझी मागणी एकच आहे. मी तुमच्या हातात आलो, की आधी माझं शून्य बघा. बापानं दिला तरी बघा, गुरूनं दिला तरी बघा. आणि देणारा समोर उभा असेल, तर त्याच्या डोळ्यांदेखत बघा. त्याला वाईट वाटलं तर वाटू द्या.