दुभाष्याच्या तोंडून

मी एक जुना मीडिया प्लेयर बोलतो आहे. तुमच्याशी थेट बोलायला मिळते आहे, हे आजचे भाग्य. एरवी दुभाष्याखेरीज मला तोंड उघडता येत नाही.

माझ्या जन्मकाळी घरोघरच्या संगणकांना माझीच भाषा समजत असे. एका निवृत्त घड्याळजींच्या अवजड संगणकात मी अकरा वर्षे सुखाने नांदलो. गाणी, नाटके, घरगुती चित्रफिती, पुढ्यात येईल ते वाजवले. मग एकाच वर्षी घड्याळजींची पत्नी गेली आणि तो संगणकही थकला. मुलीने एआरएम नावाच्या वेगळ्याच जातीच्या चिपचा पातळ लॅपटॉप आणून मला त्यात बसवले. त्या चिपला माझे बोलणे ओ की ठो कळेना. तेव्हापासून लॅपटॉपमधला एक दुभाषी प्रोग्राम माझी प्रत्येक आज्ञा तिला उलगडून सांगतो. इतर सारे प्रोग्राम त्या घरचे. उपरा काय तो मी.

घड्याळजी रोज सकाळी चहा झाल्यावर एकच चित्रफीत लावतात. चाळीस सेकंदांची. तिच्यात त्यांची पत्नी दारात उभी राहून म्हणते, "अहो, चष्मा कपाळावरच आहे तुमच्या!"

"अहो" झाले की दुभाषी नेमका अडखळतो. चित्र गोठते. मला मेल्याहून मेल्यासारखे होते. पण तेवढ्यात घड्याळजी म्हणतात, "काय गं?" आणि मग ती पुढचे बोलते.

परवा मुलगी आली. "बाबा, किती अडकतंय हे! या लॅपटॉपसाठीच बनवलेला नवा प्लेयर टाकते. हा जुना काढू या."

"आधी लावून दाखव."

नव्या प्लेयरने ती चित्रफीत झरझर वाजवली. "काय गं" ओठांवर येईतो वाक्य संपलेही होते.

"पुन्हा लाव." पुन्हा तेच. "मधला अर्धा सेकंद कुठं गेला?" जन्मभर सेकंदांशी संसार केलेल्या त्या गृहस्थांनी विचारले.

"आई कधी थांबायची का, बाबा? तुम्हीच म्हणायचात ना, आगगाडीला तरी स्टेशन असतं!"

"तेव्हा नव्हती थांबत," चष्मा पुसत ते म्हणाले. "आता थांबते."

मुलीने मला काढले नाही. गाणी, नाटके नव्याकडे गेली; माझ्याकडे ती एक चित्रफीत उरली. दिवसाचे बाकी तेवीस तास, एकोणसाठ मिनिटे आणि वीस सेकंद मी मिटून पडलेला असतो. तक्रार नाही. माझ्या साऱ्या आयुष्यात कोणाला उपयोगी पडला असेल, तर तो माझा दोषच.

काल मात्र पडद्याच्या कोपऱ्यात सूचना झळकली: दुभाष्याची सुधारित आवृत्ती लवकरच येत आहे, आता काहीही अडखळणार नाही. घड्याळजींनी ती वाचलेली नाही.

दुभाष्याला सुधारणाऱ्यांनो, तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही. खुशाल सुधारा त्याला. फक्त त्या पहिल्या शब्दापाशी किंचित अडू द्या. तिथे एक माणूस ओ देत असतो.