कोठ्यातली पोरगी

पुनारामला मारलं त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. प्रेमलालचा हा धाकटा भाऊ रस्त्याच्या ठेकेदाराकडे ट्रॅक्टर चालवायचा. पोलिसांना खबर देतो, एवढ्या संशयावर दादालोकांनी त्याला घरातून चालवत नेलं आणि नाल्यापाशी गोळी घातली. लांजीपलीकडच्या त्या जंगलकाठच्या गावात बंदूकवाल्या नक्षल्यांना सगळे दादालोकच म्हणत. नाव घ्यायची वेळ आलीच तर तेही हळू आवाजात.

पुनारामची बायको सरिता शेजारच्या घरात एकटीच राहत होती. प्रेमलालचा मुलगा अश्विन पोलिसात शिपाई होता, म्हणून त्याने गावात पाऊल टाकणंच बंद केलं होतं. आईबापाला भेटायचं तर लांजीच्या बाजारात, भाजी घेता घेता.

धानाची कापणी सुरू होती. सकाळी प्रेमलालची बायको सत्यभामा गाईंना तणीस घालायला कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, गेली, तर ढिगामागे हिरव्या कपड्यांतली एक पोरगी पडलेली. सतरा-अठराची असेल. एका पोटरीला दुपट्टा बांधलेला, त्यातून रक्त वाळून काळं पडलेलं.

"माँ, चिल्लाना मत," ती म्हणाली.

दोन दिवसांमागे डोंगराकडून गोळीबाराचा आवाज आला होता. सत्यभामाला सगळं समजलं. पहिला प्रश्न तिने बंदुकीचाच विचारला. "बंदूक कुठी हाय?"

"नाले में फेक दी. मुझे वापस नहीं जाना."

सत्यभामा घरात गेली. चुलीवर पेज होती, ती वाटीत ओतली आणि परत आली. पोरगी दोन्ही हातांनी वाटी धरून प्याली. तिचं नाव सुकवारो. गाव छत्तीसगडच्या बाजूला. नाचगाण्याच्या पथकात घेतो म्हणून बारा वर्षांची असताना दादालोकांनी तिला नेलं होतं. घरचं तोंड त्यानंतर तिने पाहिलं नव्हतं.

प्रेमलाल शेतातून आल्यावर सत्यभामाने त्याला सांगितलं. त्याने हातातला विळा खाली आपटला.

"हाकल तिले. आत्ताच्या आत्ता."

"पाय सुजला हाय जी. चालता येत नाई तिले."

"पुनारामले चालवत नेलं होतं ना त्यायनं?"

प्रेमलाल कोठ्यात गेला आणि पोरीसमोर उभा राहिला. "मेरे भाई को मारा, तब थी तू?"

"नहीं. मैं तब हमारे गाँव तरफ थी."

खरं की खोटं, कळायला मार्ग नव्हता. तो न जेवताच शेतात परत गेला. पण संध्याकाळी तो आला तेव्हा त्याच्या खिशात तापाच्या गोळ्या होत्या. त्या त्याने सत्यभामाच्या हातात दिल्या आणि तोंड फिरवून बसला.

बाजाराच्या दिवशी सत्यभामाने वांगी निवडता निवडता अश्विनला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"माय, तुले समजते का तू काय करून राह्यली? पोलिसायले मालूम झालं तर माही नोकरी गेली. दादालोकायले मालूम झालं तर तुमी दोघं गेले."

"मंग काय करू? मरू देऊ?"

अश्विनने आजूबाजूला पाहिलं. मग हळूच म्हणाला, "सरेंडर करते का इचार तिले. पोलीस गावात आले तर कोणाच्या घरून नेली हे सगळ्यायले दिसन. तुमीच लांजीले घेऊन या. डॉक्टरच्या दवाखान्यात मी साहेबाले घेऊन थांबतो. एकटाच साहेब राहीन, मी बोलतो त्याच्याशी."

सुकवारो हो म्हणाली. पण रात्रभर तिला झोप लागली नाही, हे सत्यभामाने पाहिलं.

लग्न होऊन आमगावला गेलेल्या अंजूची, म्हणजे प्रेमलालच्या मुलीची, एक पिवळी साडी पेटीत होती. ती सत्यभामाने पोरीला नेसवली, डोक्यावरून पदर ओढला. हिरवे कपडे चुलीत गेले. प्रेमलालने मोटरसायकल काढली. मधे पोरगी, मागे सत्यभामा.

वळणावरच्या चहाच्या टपरीवर महागू बसला होता. गावातल्या खबरा जंगलात तोच पोचवतो, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याने हात वर केला. थांबावं लागलं.

"हे कोन होय काका?"

"साळ्याची पोरगी. ताप आला तिले. डॉक्टरकडे नेऊन राह्यलो."

"पायाले काय झालं?"

प्रेमलाल मागे वळून पोरीवरच ओरडला. "सांगतलं होतं ना, कोठ्यात चपला घालून जात जाय! आयकते का कोनाचं? घुसला ना पायात खिळा? आता भोग!"

ते ओरडणं इतकं खरं होतं की पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. महागू हसला. "जाऊ द्या काका, लहान हाय," म्हणाला आणि बाजूला झाला.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत अश्विन साध्या कपड्यांत उभा होता, शेजारी त्याचा साहेब. सुकवारोने सत्यभामाचा पदर घट्ट धरला. "मारेंगे क्या?"

"नहीं मारेंगे," अश्विन म्हणाला. "मैं साथ में हूँ."

ती आत गेली. परतीच्या रस्त्यावर प्रेमलाल एकदाच बोलला. "बापानं सोडली कशी असन एवढीशी असताना?"

पंधरवड्याने पेपरात सरेंडरचा फोटो आला. पोरीचं तोंड झाकलेलं होतं, पण साडी पिवळीच होती. महागूने ती ओळखली. दोन दिवसांत दारासमोर दगडाखाली दादालोकांचं पत्रक सापडलं, त्यावर प्रेमलालचं नाव. त्यांनी गाई मिळेल त्या भावात विकल्या आणि घर सोडलं. निघताना सरिता तिच्या दारात उभी होती.

"माह्या नवऱ्याले मारलं, त्यायचीच पोरगी तुमी वाचवली," ती म्हणाली आणि आत जाऊन तिने दार लावलं.

लांजीत बसस्टँडमागे एक खोली घेतली. गावात नांगर धरणारा प्रेमलाल धानाच्या मिलमध्ये पोती उचलू लागला. अश्विनची चौकशी झाली, नोकरी वाचली. सुकवारो बालाघाटला शिवणकाम शिकली. ती अजून लंगडते. सणावाराला फोन करते. प्रेमलाल फोन घेतो, "पैर कैसा है?" एवढं विचारतो आणि सत्यभामाकडे देतो. सरितेला काय उत्तर द्यायला हवं होतं, याचा विचार सत्यभामाने त्या खोलीत कितीदा तरी केला. तिला ते सापडलं नाही.

मग दादालोकांचे दिवस संपले. कोणी मारले गेले, उरलेल्यांनी बंदुका टाकल्या. महागू गाव सोडून कुठे गेला ते कोणाला माहीत नाही. या उन्हाळ्यात प्रेमलाल-सत्यभामा घरी परतले. कोठा पडला होता. घराची कौलं मात्र ताडपत्रीखाली नीट झाकलेली होती, चारही कोपरे दोरीने बांधलेले.

सकाळी बोरिंगवर सरिता पाणी भरत होती. सत्यभामा आपली घागर घेऊन लांबच थांबली. सरितेने तिच्याकडे न पाहता हापसा मारला, आपली कळशी भरून घेतली.

"वादळात कवेलू उडाले होते तुमचे," ती म्हणाली. "ताडपत्री टाकली म्या."

"बाई, तू…"

"दोर माहा हाय. सोडला का वापस देजो."

"हौ," सत्यभामा म्हणाली.

सरितेने कळशी कमरेवर घेतली, आणि जाता जाता सत्यभामाची घागर पायाने नळाखाली सरकवली.