फुंकरीतली सूज

मित्रांनो, मी फुंकर मोजणारी एक पेटी आहे. आता जुनी झाले आहे, माझ्या एका कोपऱ्याला पट्टी चिकटवलेली आहे. लहान मुलांच्या दवाखान्यात, खिडकीखालच्या टेबलावर माझी जागा. ॲलर्जीने श्वासनळ्या आतून सुजल्या की उच्छ्वासात नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू वाढतो. तो मी मोजते. सुई नाही, रक्त नाही, म्हणून नवी असताना माझे फार लाड झाले.

एक दिवस आईवडिलांबरोबर एक मुलगी आली. घरचे तिला बबडी म्हणत. वडील मुलांना धावायला शिकवत. बबडीच्या दंडावर काळेनिळे वळ होते.

"नाटकं आहेत सगळी," वडील डॉक्टरीणबाईंना म्हणाले. "जरा पळवली की छाती धरून बसते. काल चांगली फोडून काढली, तरी तेच!"

आई खाली मान घालून बसली होती.

बबडीने माझी नळी ओठांत धरली. "सावकाश सोड गं, एका लयीत," नर्सताई म्हणाली. पण तिचा श्वास मध्येच तुटला.

"नीट फुंक!" वडिलांनी तिच्या पाठीत गुद्दा घातला.

"हात आवरा, नाहीतर बाहेर व्हा!" डॉक्टरीणबाई कडाडल्या.

पुढच्या फुंकरीला जमलं. माझा आकडा सत्तरीपुढे गेला.

"पस्तिशी ओलांडली तरी आम्ही सावध होतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "छातीतही घरघर आहे. हा ॲलर्जीचा दमा आहे. पोरीला खरंच श्वास पुरत नाही."

"या डबड्याचं ऐकून माझ्या पोरीला आजारी ठरवता?"

वडिलांनी मला उचललं आणि भिंतीवर आपटलं. माझा कोपरा फुटला, काच तडकली. बबडी किंचाळली, रडू लागली आणि रडता रडता तिला धाप लागली. तिचे ओठ निळे पडले. नर्सताई वाफेचा मास्क घेऊन धावली, तर वडील मुलीचा दंड खेचू लागले. "चल घरी!"

तेव्हा आई उठली. तिने दोन्ही हातांनी त्यांना असं ढकललं की ते दारावर जाऊन आदळले.

"पुन्हा हात लावून बघा तिला! जीव घेईन!"

तिचा आवाज ऐकून बाहेरची माणसं धावत आली. त्यांनी वडिलांना धरलं, पोलिसांना बोलावलं. मास्कमध्ये बबडीचा श्वास हळूहळू मोकळा होऊ लागला.

माझी दुरुस्ती झाली. काही महिन्यांनी बबडी पुन्हा आली. मायलेकी आता मामाकडे राहत होत्या. औषधाचा फवारा रोज चालू होता. तिने सरळ, लांब फुंकर घातली. आकडा आला अठरा. नर्सताईने टाळ्या वाजवल्या.

बबडीचा चेहरा मात्र उतरला. "आता कमी आला," ती हळूच म्हणाली, "म्हणजे तेव्हा मी खोटं बोलत होते का?"

आईने तिला पोटाशी घट्ट धरलं. "नाही गं, तेव्हाही खरंच होतं. औषधाने सूज उतरली," ती म्हणाली.

मित्रांनो, मला जपून वापरा, एवढंच मी मागणार होते. त्या दिवसापासून निराळंच मागते. कुणी "दम लागतोय" म्हणालं, तर माझ्या आकड्याची वाट पाहू नका. आधी त्याला शांत बसवा, मोठ्या माणसाला हाक मारा, आणि त्याचं म्हणणं खरं माना.