खिडकी नसलेला पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. एके काळी निळा होतो, आता राखेच्या रंगाचा झालो आहे. माझ्यावर पिवळी फुलं आहेत, ती लांबून डागांसारखी दिसतात. आणि जे खरे डाग आहेत ते फुलांसारखे दिसतात. वय झालं की असंच होतं, मनाला लावून घेऊ नये.

मला शिवलं शिंपीणमावशीने. ज्या घरात मी आयुष्य काढलं, त्या घरातल्या आईची ती लहानपणापासूनची मैत्रीण. आई गाव सोडून निघाली तेव्हा मावशीने दुकानातले दोन उरलेले तुकडे काढले आणि मधोमध जोडून मला तयार केलं. जोडावर फुलाला फूल असं जुळवलं, की मी दोन तुकड्यांचा आहे हे मलासुद्धा कधी कधी आठवत नाही. खालची दुमड मात्र तिने चांगली वीतभर आत घेतली.

"एवढी दुमड कशाला गं?" आईने विचारलं.

"उद्या मोठी खिडकी मिळाली म्हणजे? उसवायची आणि लांब करायचा."

घरातले बाबा कारखान्यांची धुराडी बांधणारे गवंडी होते. जिथे नवा कारखाना, तिथे आमचं बिऱ्हाड. धुराडं उभं राहिलं, त्यातून पहिला धूर निघाला, की आम्हीही निघायचो. बिऱ्हाड म्हणजे आई, बाबा, बाबांची विधवा बहीण आत्या आणि सहा मुलं. सर्वांत मोठी थोरली. तिच्या पाठची मधली. मग दोन जुळे, मग एक फार न बोलणारा, आणि शेवटी शेपूट. शेपटाला खरं नाव होतं, पण ते फक्त लस टोचताना वापरलं जाई.

पहिली खोली बेकरीच्या मागे होती. तिला खिडकी होती. लहान का होईना, खरी खिडकी. आईने तिच्यावर मला लावलं आणि फोटोवाल्याला बोलावलं. "मावशीला दिसू दे, तिचा पडदा कसा शोभतो ते," ती म्हणाली. सगळे माझ्यापुढे दाटीवाटीने बसले. आत्या म्हणाली, "खोलीत मावत नाही आपण, फोटोत बरे मावतो."

तो फोटो गावी गेला. मावशीने तो शिलाईमशीनच्या वर, भिंतीवर लावला. कपडे टाकायला येणारा प्रत्येक जण तो पाही. शेजारीपाजारी, जुने मित्र, बाबांबरोबर विटा वाहिलेले गडी, सगळे म्हणत, "वा, चांगलं बस्तान बसलं यांचं." मावशीचं उत्तर मधलीने मोठ्याने वाचून दाखवलं. त्या दिवशी आई दिवसभर गुणगुणत होती. मलाही बरं वाटलं. कौतुक कोणाला नको असतं?

दुसऱ्या शहरातली खोली एका छापखान्याच्या वर होती. खाली यंत्रं सुरू झाली की वर भांडी आपोआप वाजत. त्या खोलीला खिडकी नव्हती. पण फोटो तर पाठवायचा होता, गावी वाट पाहत होते. आईने भिंतीत दोन खिळे ठोकले आणि मला कोऱ्या भिंतीवर टांगलं.

मित्रांनो, ते चुकीचं होतं असं तेव्हा कोणालाच वाटलं नाही. पाहुणे येणार म्हणून आपण पसारा खाटेखाली ढकलतो की नाही? तसंच ते होतं. फक्त पाहुणे कधी आलेच नाहीत, फोटोच जात राहिले. आणि मी भिंतीवर राहिलो तो राहिलोच.

पण त्या खोलीत एक चांगली गोष्ट झाली. संध्याकाळी लहान मुलं कंटाळून भांडायला लागली, की थोरली माझ्याजवळ येई. माझा एक कोपरा जरासा उचली आणि मागे डोकावून बघे. बाकीचे विचारत, "आज बाहेर काय?"

भिंतीला नाक लावून ती सांगे, "आज बाहेर मोठी बाग आहे. एक म्हातारा झोपाळ्यावर बसलाय, आणि त्याची टोपी एका बकरीने पळवलीय."

"मग?"

"मग काय, बकरी टोपी घालून फिरतेय. म्हाताऱ्यापेक्षा तिलाच शोभते."

एकदा शेपटाने पुढे घुसून स्वतः कोपरा उचलला. "इथे भिंत आहे," ते म्हणालं.

"तुला अजून बघता येत नाही," थोरली शांतपणे म्हणाली. "मोठं झाल्यावर येईल."

तिसऱ्या शहरात आम्हाला पाण्याच्या टाकीखालची खोली मिळाली. टाकी रात्रंदिवस पाझरत असे. भिंतीवर आधी ओलीचा नकाशा उमटला, मग त्याच्यावर काळी बुरशी आली. आईने मला तिच्यावर टांगलं. माझ्या पाठीला ओल लागली ती तेव्हापासून. नऊ माणसं झोपायची म्हटल्यावर कोणीतरी भिंतीला लागून झोपणं भाग होतं. थोरली म्हणाली, "मी झोपते. मला गारवा आवडतो." कोरडी जागा तिने लहानांना दिली. झोप येईपर्यंत माझी दुमड ती बोटांत चोळत राही.

हिवाळ्यात तिला खोकला झाला. आधी साधा वाटला. मग तो तिच्यापेक्षा मोठा होत गेला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि म्हणाले, "औषध देतो. पण हिला कोरडी, मोकळी हवा पाहिजे. कुठे पाठवता येईल का?"

आईच्या डोळ्यांपुढे एकच घर आलं. मावशीचं. दुकानामागे मोकळी खोली, ऊन येणारी, आणि मावशीला मूलबाळ नव्हतं. आई लिहायला बसणार, तेवढ्यात मावशीचंच कार्ड आलं. मधलीने नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचलं. "तुमचा मागचा फोटो पाहून डोळे निवले. खरं सांगू, थोरलीला शिवण शिकवायला माझ्याकडे मागणार होते. मला एकटीला करमत नाही. पण तुमचं एवढं छान चाललंय, ती माझ्या खोपट्यात कशाला येईल? म्हणून नाही मागत."

वाचून झाल्यावर मधलीने कार्ड आईपुढे ठेवलं.

मग आत्या म्हणाली, "आता तरी लिही. लिही की भिंत गळतेय, पोरगी खोकतेय, घेऊन जा."

"आणि दुकानात दहा जण वाचतील," बाबा म्हणाले. "निघालो तेव्हा सगळे वेशीपर्यंत पोचवायला आले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, ताई."

"मूठ झाकूनच ठेवलीस तर घास कसा घेशील रे?" आत्या म्हणाली.

बाबा वाईट नव्हते. ढगांना टेकतील अशी धुराडी त्यांनी बांधली, वाऱ्यात दोरावर लोंबकळून. अशा माणसाला खाली बघायची भीती वाटते, एवढंच.

आईने मधला मार्ग काढला. "फोटो पाठवू," ती म्हणाली. "त्याच्या मागे लिहीन मी सगळं."

फोटोवाला आला. थोरलीला नीट बसवत नव्हतं, म्हणून तिला माझ्यावर टेकवून बसवलं. आत्याने तिच्या गालांना पावडर लावली. ती लावताना आत्या एकही विनोद करीत नव्हती. फोटोवाला म्हणाला, "जरा हसा. इतकी माणसं आहात, कोणीतरी हसेलच की." थोरलीच हसली. तिचा श्वास माझ्या कापडातून जात होता आणि मागच्या भिंतीला लागून परत येत होता.

फोटो तयार होऊन आला. आई तो उलटा करून पेन्सिल घेऊन बसली. मी तिच्या डोक्याच्या वरच होतो. मला सगळं दिसत होतं. तिने लिहिलं, "थोरलीला जरा". मग "जरा" खोडून पुढे लिहिलं, "तुझी आठवण येते. आम्ही सगळे मजेत."

मावशीचं उत्तर आलं, "थोरली किती उजळली. तिकडचं पाणी मानवलं तिला."

ते कार्ड मधलीने मोठ्याने वाचलं नाही.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी शेपूट तिच्या उशाशी जाऊन बसलं. "ताई, आज बाहेर काय?" थोरलीने हात लांब करून माझा कोपरा धरला. उचलायला तिला वेळ लागला. तिने मान वळवून पाहिलं.

"आज काही दिसत नाही रे," ती म्हणाली. "धुकं आहे."

दुसऱ्या दिवशी ती गेली.

बाबांनी तार केली. मावशी मिळेल त्या गाडीने आली. दारात ती जराशी अडखळली. फोटोतलं घर ते हेच का, असं तिला वाटलं असावं. पण मग मी दिसलो आणि तिची खात्री पटली. खोलीत माणसं दाटली होती, दिवा जळत होता, कोंदट झालं होतं. "अगं, जीव गुदमरतोय सगळ्यांचा," ती आईला म्हणाली. "खिडकी तरी उघडा." आणि तिने स्वतःच मला बाजूला सारलं.

मागे काळी भिंत होती. त्यावरून पाणी ओघळत होतं.

मावशीचा हात तसाच वर राहिला. तेवढ्यात शेपूट तिच्या पदराशी आलं. "मावशी, आज बाहेर काय?"

तिने खाली पाहिलं, मग आईकडे पाहिलं. "मला का नाही सांगितलंस?"

"तू मागितली असतीस तर दिली असती गं," आई म्हणाली.

"तू एकदा हाक मारली असतीस तर चालत आले असते."

दोघी एवढंच बोलल्या. मग रडल्या, पण ते मी सांगत नाही.

मावशी निघायच्या दिवशी कोपऱ्यात मधली खोकली. साधाच खोकला होता. तरी खोलीतल्या सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. मावशी उठली. तिने मला खिळ्यांवरून काढलं, जमिनीवर पसरलं, माझ्यावर मधलीचे कपडे ठेवले आणि चारी टोकांची गाठ मारली. "हिला नेते," ती बाबांना म्हणाली. "विचारत नाहीये."

बाबांनी मान हलवली. मग गाठोडं उचलून ते स्टेशनपर्यंत चालत आले. गाठ त्यांनी इतकी घट्ट धरली होती की माझी फुलं चुरगळली.

गावी मावशीने मला उकळत्या पाण्यात टाकलं, घासलं, उन्हात वाळवलं. बुरशीचे डाग गेले नाहीत. तिची खिडकी काही मोठी नव्हती, तरी तिने माझी दुमड उसवली. आत वीतभर कापड अगदी पहिल्यासारखं निळं होतं. ते मांडीवर घेऊन ती मशीनपाशी बसून राहिली. त्या दिवशी तिने कोणाचंच शिवण घेतलं नाही.

काही दिवसांनी आईचा नवा फोटो आला. त्यात मी नव्हतो. सगळे त्याच भिंतीपुढे बसले होते आणि भिंत जशी होती तशी दिसत होती. मागे लिहिलं होतं, "कोरडी खोली शोधतोय." या वेळी दुकानात कोणी "वा" म्हटलं नाही. बाबांबरोबर विटा वाहिलेला एक गडी बराच वेळ फोटो पाहत राहिला आणि म्हणाला, "जुळ्यांना माझ्याकडे पाठवा म्हणावं. दोन पोरं काय जड नाहीत." हे तो आधीही म्हणाला असता. आधी त्याला कोणी भिंत दाखवली नव्हती.

म्हणून मित्रांनो, पडद्याला जपा, फाटला तर टाका घाला, वर्षातून एकदा ऊन दाखवा. पण त्याच्यामागे काय आहे तेही बघत जा. आणि लांबून कोणाचा छानसा फोटो आला, तर छान म्हणण्याआधी एवढंच विचारा, की तुमची खिडकी कोणत्या बाजूला आहे?

मी आता खऱ्या खिडकीवर आहे. माझ्यातून ऊन आत येतं तेव्हा कळतं, मी किती विरलोय ते. मधलीचा खोकला कमी आहे, गेलेला नाही. सकाळी ती माझा कोपरा उचलते. खिडकी उघडीच असते, पडदा सरकवला तरी चालेल, पण ती कोपराच उचलते, बहीण उचलायची तसा. मग कार्ड घेऊन शेपटाला लिहिते. काल लिहिलं, "आज बाहेर एक कुत्रं झोपलंय. दोरीवर कोणाचा तरी सदरा वाळतोय. बकरी नाही, टोपी नाही. पण जे आहे ते खरंच आहे."