अकरा रविवार

"हात पालथा ठेवा, ताई. बोटं सैल सोडा," रात्रपाळीचा तंत्रज्ञ म्हणाला आणि लगेच ओशाळला, कारण पेशंटशी असं बोलायची रीत त्याला तिनेच शिकवली होती.

एक्स-रे विभागात एकवीस वर्षं काढलेल्या बाईलाही स्वतःचा एक्स-रे स्वतः काढता येत नाही. हात टेबलावर असला की काचेमागचं बटण दाबायला दुसरं माणूस लागतंच. म्हणून ती रविवारी, हक्काच्या सुट्टीच्या सकाळी, आपल्याच खोलीत पेशंट होऊन बसली होती. उजवं मनगट सुजून टम्म झालं होतं.

फॉर्मवर कारण लिहावं लागतं, म्हणून त्याने विचारलं. ती म्हणाली, "जिन्यावरून पडले."

"तुम्ही तर तळमजल्यावर राहता."

"दुसऱ्यांच्या घरी असतात की जिने."

त्याने 'जिना' असं लिहिलं. या खोलीत येणारी निम्मी माणसं जिन्यावरूनच पडलेली असतात. भांडणात पडलेली, दारू पिऊन पडलेली, झाडावर चढायचं वय उलटून गेल्यावर झाडावरून पडलेली. एकवीस वर्षं तिने त्या सगळ्यांचा जिना मान्य केला होता, आता तिची पाळी होती.

पडद्यावर चित्र उमटलं. हाड नुसतं तडकलेलं नव्हतं, तुकडा चांगलाच सरकला होता. थोड्या वेळाने हाडांचे डॉक्टर आले, चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिले. नुसत्या पडण्याने इतकं सरकत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. पडल्यानंतर या हाताने काही जड उचललं होतं का, असं त्यांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. त्या सकाळचं हे दुसरं खोटं, आणि पहिल्यापेक्षा बरंच मोठं.

तिच्याकडे स्केटबोर्ड होता, ही गोष्ट या इस्पितळात कोणाला सांगितली असती तर लोक हसून हसून लोटपोट झाले असते. सत्तेचाळीस वर्षांची, केसांचा घट्ट अंबाडा घालणारी, शिपायांना धाकात ठेवणारी बाई. पण चौदाव्या वर्षी मामाने तो आणून दिला आणि पुढची आठ वर्षं पाण्याच्या टाकीकडून उतरणाऱ्या रस्त्यावर तिच्याइतकं सफाईने कोणी उतरत नसे. पोरं बाजूला उभी राहून बघत. फक्त आईने कधी पाहिलं नाही. "मला नाही बघवत," म्हणून ती पाठ फिरवून घरात निघून जायची. मग नोकरी लागली, वडील गेले, दादा लग्न करून वेगळा झाला आणि बोर्ड कपाटामागे गेला. सोडायचं असं तिने कधी ठरवलं नव्हतं, ते आपोआप सुटलं.

नऊ वर्षांपूर्वी आईला झटका आला. उजवी बाजू गेली, पाय गेले. जीभ तेवढी शाबूत राहिली, आणि तिला पूर्वीपेक्षा धार चढली. दिवसा सांभाळायला एक बाई येई, रात्र आणि रविवार हिचे. दर तीन तासांनी आईला या कुशीवरून त्या कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीला जखमा होतात. खांद्याखाली एक हात, कमरेखाली दुसरा, आणि एका दमात. दिवसाच्या बाईचा हात आई नाइलाजाने चालवून घेई, बाकी कोणाचा नाही.

त्याच दिवसांत कधीतरी तिला बोटांचा नाद लागला. बोटाएवढी लाकडी फळी, तिला खरीखुरी फिरणारी चार चिमुकली चाकं. तर्जनी म्हणजे पुढचा पाय, मधलं बोट म्हणजे मागचा. मधल्या बोटाने शेपटी दाबायची, तर्जनीने फळी पुढे ओढायची, की ती टेबलावरून उडून पुन्हा बोटांखाली येते. एका पेशंटनंतर दुसरा येईपर्यंत ती काचेमागच्या टेबलावर हेच करत बसे. सहकाऱ्यांना वाटे, बाईंना बोटं चाळवायची सवय आहे. बाईंची बोटं मात्र पायऱ्या उतरत, कठड्यावरून घसरत, हवेत गिरक्या घेत. संध्याकाळी आईच्या पांघरुणाच्या घड्यांचे चढउतार होत. आई बघत राहायची. फळी गादीवरून खाली गेली की म्हणायची, "उचल. त्याला कुठे लागतंय."

आईचं ते बरोबर होतं. नऊ वर्षांत ती फळी हजारो वेळा पडली असेल, कोणाला काही झालं नाही.

मग अडीच-तीन महिन्यांपूर्वी एक पेशंट आला. पन्नाशीचा शाळामास्तर, कोपर सुजलेलं, कारण अर्थातच जिना. पण त्याच्या डाव्या बुटाची बाहेरची कड घासून पार पांढरी पडली होती, आणि तशी कड जिन्याने घासत नाही. ती बोर्डावरच्या खरखरीत कागदाने घासते. तिने त्याला तसं सांगितलं. मास्तर आधी लाजले, मग त्यांची कळी खुलली. बंद पडलेल्या शोरूमच्या मागे सिमेंटची मोठी जागा आहे, रविवारी सकाळी सहाला चार-पाच जण जमतात, सगळे चाळिशी ओलांडलेले. आमचं गुडघेदुखी मंडळ, असं म्हणून त्यांनी तिला यायचं आमंत्रणच दिलं.

आई रविवारी साडेसातपर्यंत झोपे. आदल्या दिवशी तिने आईला सांगितलं की रविवारी तासाभराची जादा ड्यूटी लागली आहे. आई म्हणाली, "इस्पितळवाल्यांना तुझ्याशिवाय दुसरं कोणी सापडत नाही का?"

पहिल्या रविवारी तिने बोर्डावर पाय ठेवला तेव्हा तिला रडू आलं. पायांना सगळं आठवत होतं. वजन कुठे टाकायचं, गुडघा किती वाकवायचा, वळताना खांदा आधी कसा जातो, सगळं. कमरेचं काही सांगता येत नव्हतं, पण कमरेला त्या दिवशी कोणी विचारलंच नाही. ती त्या सिमेंटवरून पंचवीस वर्षं मागे जाऊन परत आली आणि घरी येऊन आईचं तोंड पुसताना गुणगुणत होती. ती सुखी होती. इतकी साधी गोष्ट, पण तिला ती कबूल करायलाही चोरी वाटत होती.

असे दहा रविवार गेले. अकराव्या रविवारी तिने एक बुटका कठडा निवडला, जेमतेम वीतभर उंच. हीच उडी बोटांनी हजारदा मारलेली, त्यामुळे मनात शंकासुद्धा नव्हती. फळी उडाली, ती उडाली, आणि मागचं चाक कडेला अडलं. पडताना खांदा आत घेऊन गडगडायचं असतं, हे चौदाव्या वर्षी सगळ्यात आधी शिकवतात. पण नऊ वर्षं बोटांनी खेळताना पडणं असं काही नव्हतंच. उडायचं, चुकलं की उचलायचं. तिने सरळ हात टेकला. 'हात टेकू नका हो' असं ती ज्या शेकडो लोकांना सांगत आली, त्यांच्यासारखाच.

मास्तर इस्पितळात न्यायला निघाले होते. तिने नको म्हटलं, कारण सव्वासात वाजले होते. साडेसातला आईला वळवायचं होतं.

आई जागीच होती. "लवकर वळव गं, पाठ भाजतेय," ती म्हणाली. शेजारी हाक मारता आली असती. दादाला फोन करता आला असता, पण तो शहराच्या दुसऱ्या टोकाला. आणि काय सांगायचं? तिने डावा हात खांद्याखाली घातला, उजवा कमरेखाली, ओठ दाबून धरले आणि एका दमात आईला वळवलं. आत काहीतरी सरकलं, ते तिला कळलं. मग तिने डाव्या हाताने चहा पाजला, आणि त्यानंतर ती इस्पितळात गेली.

मनगटात धातूची पट्टी आणि सहा स्क्रू बसले. दादा त्याच आठवड्यात आईला न्यायला आला. दोन महिन्यांचाच प्रश्न आहे, तो म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. निघायच्या आदल्या संध्याकाळी आईने तिला जवळ बसवलं.

"जिना कुठला?"

तिने खरं सांगितलं. आई छताकडे बघत ऐकत होती.

"म्हणजे ते बोटांचं, ते तू पायांनी करत होतीस?"

"हो."

"किती दिवस?"

"अकरा रविवार."

आता जिभेची धार निघणार म्हणून ती खाली मान घालून बसली होती. पण आई म्हणाली, "मला न्यायचं होतंस एकदा. खुर्चीत घालून. आता काही मी आत पळून गेले नसते."

साडेसातला काय झालं होतं, ते मात्र तिने सांगितलं नाही. ते ती कधीच सांगणार नव्हती.

दोन महिन्यांचे चार झाले, चाराचे सहा. हाड जुळलं. डॉक्टरांनी मूठ आवळायला लावली, मनगट वळवून पाहिलं आणि जेवढं व्हायचं तेवढं झालंय, असं सांगितलं. पुढच्याच रविवारी ती आईला परत आणायला दादाकडे गेली. खाली भाड्याची गाडी थांबवून ठेवली होती आणि घरी आईची खोली झाडून-पुसून तयार होती.

आईची टाच लाल झालेली तिला दारातूनच दिसली. ती पलंगाजवळ गेली, एक हात खांद्याखाली घातला, दुसरा कमरेखाली. आईने सवयीने मान तिच्या खांद्याला लावली. तिने दम घेतला आणि उचललं. आईची कंबर गादीवरून वर आली, आणि मनगट एकाएकी आपलं नसल्यासारखं सुटलं. आई पुन्हा गादीवर टेकली. फार नाही, वीतभर अंतरावरून.

"कच्चं आहे अजून," आई म्हणाली.

"हो."

"होईल बरं."

"हो."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. दारात वहिनी उभी होती. ती वाईट बाई नव्हती, नुसती घाबरत होती. सासूला दुखेल म्हणून ती घाईत पायांकडून ओढायची, आणि तेच जास्त दुखायचं. हिने तिला जवळ बोलावलं. आधी गुडघा दुमडायचा, मग खांदा. ओढायचं नाही, आपल्याकडे घ्यायचं. पायाखाली उशी अशी द्यायची की टाच हवेत राहील. पहिल्या खेपेला जमलं नाही, दुसऱ्या खेपेला आई कण्हली. ही पलंगाच्या पलीकडे उभी राहून सांगत होती, हात पाठीमागे घेऊन.

तिसऱ्या खेपेला वहिनीने आईला एका दमात कुशीवर घेतलं. आईचं तोंड आता वहिनीकडे होतं आणि हिच्याकडे पाठ.

"हं," आई वहिनीला म्हणाली, "आता बरोबर."

हिने उशी नीट केली, खिडकीत जाऊन गाडीवाल्याला हाताने 'तू जा' अशी खूण केली आणि तिथेच थोडा वेळ उभी राहिली.