नेद्याल्काच्या डोळ्यातला बुडबुडा

गुलाब तोडायचे ते ऊन चढायच्या आत, नाहीतर वास उडून जातो. सत्तरी ओलांडलेली नेद्याल्का लहानपणापासून हेच करत आली होती. त्या वर्षी मात्र तिच्या टोपलीत फुलांपेक्षा कळ्या आणि पानंच जास्त पडू लागली.

"केवढं धुकं पडलंय!" ती म्हणाली.

"कुठलं धुकं? लख्ख उजाडलंय," तिचा नवरा गान्चो हसला. "बाईसाहेबांना रात्रीची दारू उतरली नाही वाटतं!"

दुपारी धुकं विरलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. मग गान्चोची थट्टा थांबली आणि तो तिला शहरात डोळ्यांच्या डॉक्टर मिलेवांकडे घेऊन गेला.

मिलेवाबाईंनी पडद्यावर तिच्याच डोळ्याचं चित्र दाखवलं. मधाच्या पोळ्यासारखी घरं, मधेमधे काळे खड्डे.

"हे बुबुळावरच्या काचेचं आतलं अस्तर. या पेशी काचेत झिरपलेलं पाणी सतत उपसतात. तुमच्या बऱ्याच गळून गेल्यात. रात्री डोळे मिटले की पाणी साचतं, काच सुजते. दिवसा हळूहळू सुकते."

"मी घोरत असते तेव्हाही या राबतात?"

"जन्मापासून. आणि गेलेलीच्या जागी नवी येत नाही."

नेद्याल्का कितीतरी वेळ त्या चित्राकडे बघत राहिली.

डोळ्यातलं पाणी ओढून घेणारे खारे थेंब मिळाले. शिवाय रोज सकाळी डोळ्यांवर केस वाळवायच्या यंत्राचा वारा, हातभर लांबून. "हलू नकोस, महाराणी!" म्हणत गान्चोच तो धरायचा. काही काळ निभावलं. पुढे धुकं संध्याकाळपर्यंत रेंगाळू लागलं, तेव्हा मिलेवाबाई म्हणाल्या, "आता एका डोळ्यात नवं अस्तर बसवू. मेलेल्या माणसाचं. केसाहून पातळ असतं. टाका घालायचा नाही, हवेचा बुडबुडाच ते वर दाबून धरतो. तुम्ही फक्त छताकडे बघत उताणं पडायचं."

शस्त्रक्रियेनंतर ती पडून राहिली. त्या डोळ्यात काळ्या काठाचा गोल बुडबुडा डुलत होता. ती उताणी असतानाच गान्चो तिला दही भरवत होता. बुडबुडा रोज लहान होत गेला, आणि एके दिवशी दिसेनासा झाला.

पुढे काही आठवड्यांनी, सकाळी उठल्याउठल्या ती ओसरीवर आली. समोर बाल्कनचा डोंगर उभा होता. कड्याच्या घळीत उरलेली बर्फाची रेघ, त्याखाली एकेक झाड वेगळं.

"कुणाचं होतं गं ते अस्तर?" मागून गान्चोनं विचारलं.

"सांगत नाहीत."

तिनं दुसरा डोळा तळहातानं झाकला.

"एवढं काय बघतेस?"

"बोलू नकोस जरा," ती हळूच म्हणाली. "आम्ही दोघं बघतोय."