मुंग्यांच्या बाटलीतला कोळी

मी एक जुना मुंगीखाऊ कोळी आहे. जुना म्हणजे स्पिरिटच्या बाटलीत मुरलेला. मित्रांनो, जाळं विणून लटकत बसणारे ते माझे दूरचे नातलग. मी मुर्धा गावच्या जुन्या मिठागराच्या बांधावर मुंग्यांत राहायचो, मुंगीसारखा चालायचो आणि मुंग्याच खायचो. एखादीला शंका आलीच, तर मेलेली मुंगी तोंडापुढे धरायचो. ती हुंगून बाई आपल्या वाटेने निघून जायच्या. असा धंदा करणाऱ्याने कुणावर विश्वास ठेवू नये. मीही ठेवला नाही.

एका सकाळी सुरुची नावाची मुलगी बांधावर आली. कोळ्यांच्या जाती ओळखण्याचं काम ती शिकत होती. तळाशी स्पिरिट घातलेले प्लास्टिकचे ग्लास तिने मातीत काठापर्यंत पुरले आणि जागा सापडावी म्हणून शेजारी लाल झेंड्या खोवल्या. ते पाहून बांधालगत राहणाऱ्या चंपाकाकूंना वाटलं, आपली जागा मोजून घ्यायला कुणी आलं.

"मोजनीवाली दिसतंय," त्या पुटपुटल्या आणि सुरुचीची पाठ वळताच त्यांनी झेंड्यांसकट ग्लास उपटून टाकले. झुडपाखालचा एक तेवढा राहिला. नेमका त्यातच मी पडलो. जन्मभर सगळ्यांवर संशय घेतला, पायाखालच्या जमिनीवर घ्यायचा राहून गेला.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत सुरुचीच्या शशिकांत सरांनी तो ग्लास पांढऱ्या ताटलीत ओतला आणि मला चिमट्याने उचलून मुंग्यांच्या बाटलीत टाकलं. माझं सोंग इतकं बेमालूम निघालं याचा मला आधी अभिमानच वाटला. मग भीती वाटली. मुंगी म्हणून जमा झालो, तर त्या बांधावर माझी जात राहते हे कुणालाच कळणार नव्हतं. आणि मिठागर बुजवायला डेब्रिजचे, म्हणजे पाडकामाच्या राडारोड्याचे, डंपर तर बांधाच्या तोंडाशी आले होते.

सुरुचीला मात्र ती मुंगी खटकली.

"सर, हिला आठ पाय आहेत."

सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. माझ्या तोंडाजवळच्या, पायांसारख्या दिसणाऱ्या दोन आखूड अवयवांची ठेवण ते कितीतरी वेळ पाहत राहिले. नराची जात त्यावरून ठरते. "माहितीतल्या कुठल्याच जातीशी जुळत नाहीये," ते म्हणाले. "पण एकट्या नरावर मी नवीन नाव देणार नाही. मादी आण."

सुरुची मला घेऊन पुन्हा बांधावर गेली. चंपाकाकू कमरेवर हात ठेवून उभ्याच होत्या.

"बाय, परत जागा मोजाला आलीस?"

"नाही काकू, याचं घर शोधतेय." तिने बाटली आणि भिंग पुढे केलं.

काकूंनी नीट पाहिलं. "मुंगी न्हाय हाय ही. लबाड हाय मेला," त्या म्हणाल्या. "पुर तुजे ग्लास. कोन हात लावतंय ते मी बगतंय."

आता ग्लास पुन्हा मातीत आहेत आणि काकू राखण करतायत. माझ्या बाटलीतल्या चिठ्ठीवर पेन्सिलीने गावाचं नाव आहे, माझ्या नावाच्या जागी प्रश्नचिन्ह. मादी सापडली तर मला नाव मिळेल आणि बांधाच्या बाजूने बोलायला काहीतरी हाती येईल. तरीही ती ग्लासच्या काठाशी आली की तिने थबकावं, असं मला मनापासून वाटतं.

मित्रांनो, मुंग्यांच्या रांगेवर पाय टाकण्याआधी, किंवा तिच्यावर माती ओतण्याआधी, जरा संशय घेत जा. त्यातली एखादी मुंगी नसेलही.